गेरूची वेल

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या फोटोग्राफी क्लबातल्या टाळ्या पिटणाऱ्या मंडळींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय — तुमच्यावर फार जीव आहे म्हणून नव्हे. खरं सांगू? तुमचा मला रागच येतो. तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला असणार. तुम्हीही घटकाभर हळहळून चार जणांना पुढे ढकलला असणार. तेव्हा आता बसा आणि ऐका. मधेच मान डोलावू नका, 'होतं असं कधीकधी' म्हणू नका. असं होत नसतं. मी केलं.

जळगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, पासपोर्ट. नवरीच्या मेंदीचा जवळून फोटो, नवरदेवाचे बूट, बदामाच्या आकारात कापलेली दोघांची तोंडं. पोट त्यावरच चालतं, नाही म्हणत नाही. पण पंधरा वर्षं गुलाबी रंग बघून माझ्या डोक्यात तिडीक जायला लागली होती. 'भाऊ, पोरगी जरा गोरी दाखवा.' 'भाऊ, मागे ताजमहाल टाका ना.' टाकला. तोही टाकला. आणि मग रविवारी कॅमेरा उचलून इमारतींचे फोटो काढायला बाहेर पडायला लागलो. इमारत काही मागत नाही. तिला गोरं व्हायचं नसतं. निदान मला तेव्हा असं वाटायचं.

काढलेला प्रत्येक फोटो मी काळापांढरा करायचो. तुम्हाला वाटत असेल, रंग काढून टाकला की झालं. तसं नसतं. संगणकावर एकेका रंगाची वेगळी पट्टी असते. निळी खाली ओढली की आभाळ काळंकुट्ट होतं. पिवळी वर ढकलली की पिवळसर भिंत पांढरीशुभ्र होते. लाल खाली ओढली की जे जे लाल असेल ते ते काळं. छपरावरची कवेलू, विटा, कुणाची वाळत घातलेली साडी — सगळं काळं. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्स, जामनेरच्या बाजारातलं एक जुनं गोदाम, इथल्या आमच्या पाण्याच्या टाक्या — काहीही द्या, माझ्या हाताखालून गेलं की वाटायचं इथे काल काहीतरी भयंकर घडून गेलंय. खरं तर मी फोटो काढत होतो तेव्हा शेजारच्या गाडीवर माणसं भरीत-पुरी खात होती. ती चौकटीबाहेर ठेवायची. लोक म्हणायचे, काय गंभीर काम आहे हो तुमचं! मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

हे एवढ्यासाठी सांगतोय की नंतर मला 'पट्टी चुकून ओढली गेली' असं म्हणायची सोय राहू नये. कुठली पट्टी काय करते हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

तर धुळं. मे महिना होता. आखाजी — तुमची अक्षय्य तृतीया — होऊन चार-पाच दिवस झाले असतील. आमच्याकडे मे महिन्यात आभाळाला रंग असा नसतोच, नऊ वाजले की सगळं पांढरंफटक. थोडा निळेपणा हवा असेल तर सकाळीच पोचावं लागतं. म्हणून पहाटेची एसटी धरून गेलो होतो. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत. कितव्या नंबरची गल्ली ते सांगत नाही. तिथे एक गोल कोपऱ्याची इमारत आहे. खाली तीन दुकानं, तिन्हींची शटरं बंद. वर तीन बिऱ्हाडं, पुढे सिमेंटची झालर असलेली गॅलरी, आणि कडेने उघडा जिना. भिंत फिक्या पिवळ्या रंगाची. आणि त्या जिन्याच्या भिंतीवर, वरच्या दारापासून थेट रस्त्यापर्यंत, गेरूने काढलेली एक वेल. नागमोडी. दोन्ही अंगाला पानं, पानांत चुन्याचे ठिपके. नुकतीच रंगवलेली, ओली वाटावी इतकी लाल.

आधी ती माझ्या नजरेत खुपली, हेही कबूल करतो. मी आलो होतो त्या गोल कोपऱ्यासाठी. त्यात ही बालवाडीची वेल कुणी काढून ठेवली?

मी रस्त्यावर गुडघे टेकून, कॅमेरा वर करून बसलो होतो. गॅलरीतून आवाज आला.

"काय रे भाऊ, भीत मोजी राह्यना का? घर पाडाले तर नही उनात?"

आणि हसली. साठी ओलांडलेली बाई, हाताला ज्वारीचं पीठ. मी म्हटलं, भिंत मोजत नाहीये, घर पाडायला तर नाहीच आलो; फोटो काढतोय अक्का, इमारत छान आहे. तर म्हणाली, मग खालून काय काढतोस, वर ये, चहा घे. मी गेलो. का नाही जाणार? फुकटचा चहा होता आणि गॅलरीतून दुसरा कोन मिळत होता.

तिचं नाव सिंधूअक्का. बिबडे करायची — ज्वारीचे पापड म्हणा, म्हणजे तुम्हाला कळेल. इमारतीची गच्ची तिला वाळवणाला मिळाली होती आणि उन्हाळ्याचे तीन महिने ती गच्ची तिच्या बिबड्यांनी भरलेली असे. बायका जिना चढून न्यायला येत. नवरा वारून बरीच वर्षं झालेली. मुलगा दीपक सुरतेला, साड्यांच्या कारखान्यात. ती एकटी, आणि मजेत. हे मी आज म्हणत नाहीये, तेव्हाच मला दिसलं होतं. एकट्या बाईचं इतकं नीट चाललेलं घर मी क्वचित पाहिलंय.

वेलीचं तिने आपणहून सांगितलं. नवऱ्याबरोबर ती ह्या घरात राहायला आली तेव्हा त्या भिंतीवरून बिडाचा पाइप जायचा. मालकाने तो काढला, मागच्या बाजूला नवा घातला, आणि पाइपाच्या जागी राहिलेली खाच सिमेंटने बुजवली. पिवळ्या भिंतीवर वरून खाली राखाडी पट्टा. येता-जाता डोळ्यांत जायचा.

"भीतवर डाग व्हता," ती म्हणाली, "मी त्यानी वेल करी टाकी."

दर आखाजीला गेरू कालवायचा, उंबऱ्याला लावायचा आणि उरलेल्यात वेल नवी करायची. आणि दर आखाजीला एक पान वाढवायचं. त्या घरातल्या प्रत्येक वर्षाचं एक पान. यंदाचं बत्तिसावं. जिना जिथे वळतो तिथलं पान दीपक सुरतेला गेला त्या वर्षीचं, असंही सांगितलं. मी चहा पीत ऐकलं. सगळं ऐकलं. लक्षात ठेवा हे — मला सगळं माहीत होतं.

मग तिने विचारलं, तू कसले फोटो काढतोस, दाखव. मी मोठ्या ऐटीत मोबाइल पुढे केला. माझी सगळ्यात चांगली कामं. तिने पदराला हात पुसले, बोटाने एकेक सरकवून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं, अगदी काळजीने.

"बठ्ठं काळं काब्र रे भाऊ? कोनी मरेल शे का?"

सगळं काळं का, कुणी मेलंय का! हसायचं होतं ना मी? तुम्ही हसला असतात. मला ते इथे, असं बरगडीखाली लागलं. क्लबात ज्या फोटोंवर तासतासभर चर्चा व्हायची, त्यांचा ह्या बाईने एका वाक्यात निकाल लावला होता. आणि वाईट हेतूने नाही. तिला खरंच वाटलं असावं की ह्या भावाच्या घरी काहीतरी झालंय. उठताना म्हणाली, "मना घरना रंगीत काढ बरं. दीपकले धाडसू." मी म्हटलं, हो अक्का, पाठवतो. माझा नंबर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतला. खाली उतरलो, आणि मघाच्याच जागी गुडघे टेकून तो फोटो काढला. रंगीत, अर्थातच. कॅमेरा रंगीतच काढतो. काळं नंतर आपण करतो.

त्याच दिवशी जळगावला परत येऊन संगणकावर बसलो. डोक्यात तेच — कोनी मरेल शे का. निळी खाली ओढली, आभाळ काळं. पिवळी वर, भिंत पांढरी. लाल खाली ओढली आणि — वेल काळी झाली. पांढऱ्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक काळी वाकडीतिकडी रेघ. क्षणभर मी मागे सरकलो खुर्चीत. इमारत दुभंगलेली दिसत होती.

फक्त पानं आड येत होती. पानं होती तोवर ती वेल होती.

इथे मला थांबता आलं असतं. मी तुम्हाला इथवर आणून 'कलाकाराच्या हातून नकळत' असं काहीतरी पुटपुटू शकतो. नकळत? शेजारच्या भिंतीचा तुकडा उचलायचा, पानावर बसवायचा, कडा पुसायच्या. एक पान. मग दुसरं. तिसरं. बत्तीस पानं मी एकेक करून पुसली. तास-दीड तास लागला असेल. मधे उठून पाणी प्यायलो. पुन्हा येऊन बसलो. वळणावरचं पान पुसताना मला दीपक आठवला, इतकं माझं डोकं शुद्धीवर होतं. आणि मजा वाटत होती. हे सांगायला नको वाटतंय, पण वाटत होती. ह्या बाईला दाखवतो काळं म्हणजे काय असतं. पाहुण्याला चहा पाजून त्याच्या कामाला नावं ठेवतेस? घे.

शेवटचं पान गेलं आणि पडद्यावर एक मरायला टेकलेली इमारत उभी राहिली. फाइलला नाव दिलं — 'तडा'.

पावसाळ्यात क्लबाचं प्रदर्शन भरलं. फोटो दारासमोरच लावला होता. माणसं आत येत आणि थबकत. पुण्याहून बोलावलेले परीक्षक कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ही फट खरी आहे ना? साधा प्रश्न. त्यांना संशय आला होता की काय, कुणास ठाऊक. मी म्हणालो, खरी आहे सर. धुळ्याला जाऊन बघू शकता. पहिलं बक्षीस मिळालं. शाल, नारळ, आणि गळ्यात हार घालून फोटो — तो मात्र रंगीत.

एका पेपरने आतल्या पानावर छापला. तिथून तो मोबाइलवर उतरला आणि त्याला कुणी तरी ओळी जोडल्या: 'ही इमारत कधीही कोसळू शकते. आत माणसं राहतात. जास्तीत जास्त शेअर करा.' जास्तीत जास्त झाला. तुमची मेहेरबानी. तो फिरत फिरत मलाच तीनदा आला. तिसऱ्यांदा पाठवणारा माझा मेहुणा होता, त्याला फोटो माझा आहे हे ठाऊकही नव्हतं. मी त्याला काय उत्तर दिलं माहितीये? 'बापरे.'

मग इमारतीच्या मालकाचा फोन आला. गोड माणूस. अभिनंदन केलं, मोठी प्रत मागितली. मी फ्रेम करून भेट म्हणून धाडली. मालकाला ती जागा मोकळी हवी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं — पण खालची तिन्ही शटरं बंद का होती, हा विचार करायला काय अक्कल लागते? महिन्याभरात उरलेली दोन बिऱ्हाडं गेली. सिंधूअक्का हलेना. मग मालकाने फोटो सुरतेला दीपकला पाठवला. त्याला काय पाठवायचं म्हणा, तो त्याच्याकडे आधीच चार ठिकाणांहून आला होता. फक्त ते आपलंच घर आहे, हे त्याला पांढऱ्या भिंतीमुळे ओळखू आलं नव्हतं.

पोरगा धावत आला. का येणार नाही? आईच्या डोक्यावर भिंत पडायला आलीय म्हटल्यावर कुठला मुलगा सुरतेत बसेल? आला आणि जिन्यापाशी उभा राहिला, तर समोर लाल वेल. भेग कुठेच नाही. आता तुम्ही म्हणाल, चला, सुटली बाई. नाही. मालकाने त्याला समजावलं: फोटो आधीचा आहे, जुना गेरू धुपून भेग उघडी पडली होती तेव्हाचा. घर सोडावं लागेल म्हणून तुझ्या आईने भेगेवर पुन्हा गेरू फासलाय. इतकं सरळ, इतकं पटणारं. जी वेल तिला वाचवणार, तीच तिच्यावर उलटली. ती म्हणाली, अरे, ही वेल तर तुझ्या लहानपणापासून आहे. तो म्हणाला, मग तेव्हापासूनच झाकतेयस. तिने चिडून विळ्याने हातभर गेरू खरवडून दाखवला — बघ, खाली काय आहे! खाली होतं सिमेंट. राखाडी. बुजवलेलं. त्यावर आता कोण काय बोलणार? इंजिनिअर बोलवा म्हणाली, तर मालकाने आपलाच कुणी माणूस आणला. तो रस्त्यावरून वर बघून मान हलवून गेला.

हे सगळं मला कसं ठाऊक? दोघांनीही फोन केले मला. आधी मुलाने. आवाज अगदी दमलेला.

"साहेब, एकच सांगा," तो म्हणाला, "तुम्ही फोटो काढला तेव्हा भिंतीवर ती वेल होती का?"

होती. एक शब्द होता हो. दोन अक्षरं. माझ्या जिभेवर आलीही असतील, कुणी सांगावं. पण 'होती' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता — मग ती फोटोत का नाही? आणि मग परीक्षक, मग क्लब, मग पेपर, मग शाल आणि नारळ. मी म्हणालो, "बरेच दिवस झाले हो. मला नीट आठवत नाही. पण फोटोत दिसत नाहीये, म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. पुरं त्याने केलं. "म्हणजे नव्हती," तो म्हणाला, "थँक्यू साहेब." मी त्याला 'काळजी घ्या आईची' असंही म्हणालो. म्हणालो मी.

दोन दिवसांनी तिचा. मी आवाज ओळखला, तरी 'कोण बोलतंय' म्हणून विचारलं.

"मी धुयानी सिंधूअक्का. भाऊ, तो रंगीत फोटू शे ना तुनाकडे? तो दखाड ना यासले. बठ्ठा म्हनतस मी भेग दपाडी. मना पोऱ्या बी म्हनस."

तिला कळलं होतं. तिने भेग लपवली असं सगळे म्हणत होते, पोटचा मुलगाही; पण फोटोतलं काळं म्हणजे तिचाच गेरू, हे त्या सबंध गोंधळात एकटीला तिला कळलं होतं. रंगांच्या पट्ट्या तिला ठाऊक नव्हत्या, पण आपल्या हातची रेघ कुठे वळते हे ती ओळखणारच ना? आणि तरीही मला ती काही बोलली नाही. आरोप नाही, शिवी नाही. तिला वाटलं मशीनमधून तसं निघालं असेल. पानांचं कोडं तिला पडलं असेल की नाही, मी विचारलं नाही. तिला फक्त तो रंगीत फोटो हवा होता. तो दिसला असता की दीपकला क्षणात कळलं असतं — ही काळी रेघ आणि ही लाल वेल एकच आहे, त्याच सकाळची आहे, आई खोटं बोलत नाही. बस, एवढंच. ती घर वाचवायला निघाली होती, पण त्याहून जास्त तिला मुलासमोर खरं ठरायचं होतं.

मी म्हणालो, "अक्का, तो डिलीट झाला."

मग म्हणाली, "झाया का? बरं." आणि फोन ठेवला.

दिवाळीआधी दीपक तिला सुरतेला घेऊन गेला. आठव्या मजल्यावर दोन खोल्या. तिथल्या सोसायटीत गच्चीवर वाळवणं घालू देत नाहीत. बिबडे संपले. आणि मुलाच्या घरात ती आता कोण होती? जीव गेला तरी घर सोडायचं नाही म्हणून भेग झाकणारी, खोटारडी म्हातारी. तो तिला कधी असं म्हणाला असेल असं मला वाटत नाही, चांगला मुलगा आहे. पण त्याच्या मनात ते मी घातलं, आणि ते तिथे आहे.

इमारत? उभी आहे. मालकाचं काहीतरी अडकलंय, कुलूप लावून ठेवलीय. त्यानंतर तीन पावसाळे गेले. मागच्या वर्षी एका लग्नाच्या कामाला धुळ्याला गेलो होतो, वाकडी वाट करून बघून आलो. भिंतीला नखभर तडा नाही. गेरू धुपून वेल गुलाबी झालीय — गुलाबी, माझ्या नशिबाने. खरवडलेला हातभर तुकडा तेवढा राखाडी दिसतो. मी कॅमेरा बाहेर काढला नाही.

तुम्हाला वाटेल झाला कबुलीजबाब. पानं पुसली, मुलाला फसवलं, बाईचं घर गेलं. एवढं तर मी स्वतःशी कधीच कबूल करून बसलोय, आणि खरं सांगायचं तर त्याची सवयही झालीय. शनिवारी नव्या मुलांना काळेपांढरे फोटो करायला शिकवतो मी, फी घेऊन. लालची पट्टी शिकवताना दुसरा फोटो वापरतो. सगळं सुरळीत चाललंय. जे सांगायला बसलो होतो ते अजून सांगितलेलंच नाही.

ह्या आखाजीला तिचा फोन आला. सकाळी दहाच्या सुमाराला, मी स्टुडिओतच होतो. नंबर अजून तिच्याकडे होता. खूश होती. सुनेने दाराच्या आतल्या बाजूची भिंत तिला दिली होती — काढा म्हणाली, आई, तुमची ती वेल. गेरू धुळ्याहून कुणाकडून तरी मागवला होता, कालवून तयार होता. पण हात अडत होता. तिकडे कसं, जुन्या खुणेवरून बोट आपोआप जायचं. इकडे कोरी भिंत. वळणापर्यंत आली होती आणि वळणावरचं पान डाव्या अंगाला होतं की उजव्या, ते काही केल्या आठवेना. तेच ते, दीपक सुरतेला गेला त्या वर्षीचं.

"तो फोटू कोठे सापडना का रे भाऊ? आते कोनले दखाडना नही शे. माले एकलीलेच देखना शे."

आता कुणाला दाखवायचा नाही. मला एकटीलाच बघायचाय. ऐकलंत? आता त्यात माझं काहीही जाणार नव्हतं. प्रदर्शन होऊन गेलेलं, बक्षीस जुनं झालेलं, पेपर रद्दीत गेलेला. परीक्षकांना माझं नावही आठवत नसेल. ती फोटो कुणाला दाखवणार नव्हती, आणि ती शब्दाची पक्की आहे. पाठवायलाही नको होता, नुसतं सांगायचं होतं — डावीकडे की उजवीकडे.

ती बोलत होती तेव्हा मी फाइल शोधत होतो. डिस्क समोरच जोडलेली होती. दोनदा टिचकी मारली आणि पडद्यावर ते आलं: पिवळी भिंत, निळसर आभाळ, गॅलरीत हात कठड्यावर टेकून वाकून बघणारी ती — हो, तीही आहे त्यात, काळ्या फोटोतून मी तिलाही कापली होती — आणि लाल, ओली, बत्तीस पानांची वेल. वळणापाशी मोठी करून पाहिली. पान अगदी स्पष्ट होतं. चुन्याचे तीन ठिपके.

आणि मी म्हणालो, "नाही हो अक्का. तेव्हाच गेला तो."

का? कारण एकदा गेला असं सांगितलं होतं. पान सांगितलं असतं तर फोटो आहे हे कळलं असतं, आणि फोटो आहे म्हणजे तेव्हाही होता. मला खोटारडा ठरायचं नव्हतं. तिच्यापुढे, जी कुणाला सांगणारही नव्हती. एवढंच कारण आहे. ह्याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तिला माझीच दया आली असावी. म्हणाली, "जाऊ दे रे भाऊ, जीवले लाई लेऊ नको. तुना काय दोष शे?"

मी म्हणालो, "हो ना, अक्का."

ती म्हणाली, मग मी आपली अंदाजाने डावीकडे काढते, आणि फोन ठेवला.

पान उजवीकडे आहे.